ओलावा बघून मगच पट्टी: जीवन विमा कंपनीचे शेअर निवडताना

मोंढ्यात सोयाबीनचा ढीग पडला की मुरलेला खरेदीदार आधी वजनकाट्याकडं बघत नाही. ढिगाच्या पोटात हात घालतो, आतले मूठभर दाणे काढतो आणि ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. वरचे दाणे उन्हानं खडखडीत वाळलेले असतात, खरी गोष्ट आतल्या दाण्यांत असते. आकडा जास्त आला की भाव तिथंच तुटतो, मग पोती पन्नास असोत की पाचशे. लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहिता लिहिता माझी बावीस वर्षं गेली. शेअर बाजारात पैसे घालायला लागलो तेव्हा हीच सवय कामाला आली. जीवन विमा कंपन्यांच्या बाबतीत तर फारच. या धंद्यात वरून दिसणारा नफा आणि आतली ओल यांत जेवढं अंतर असतं तेवढं दुसऱ्या कुठल्या धंद्यात मी तरी पाहिलं नाही.

लिहायला निमित्त झाला भाचा. अहमदपूरला त्याचं औषधांचं दुकान आहे. दिवाळीला आला आणि चहा व्हायच्या आत म्हणाला, "मामा, विमा कंपनीचे शेअर घेऊन दहा-पंधरा वर्षं हातच लावू नये म्हणतो. कोणता घ्यावा?" मी म्हटलं, नाव सांगणार नाही, बघायचं कसं ते सांगतो. तो जरा हिरमुसला. त्याला जे सांगितलं तेच थोडं नीट करून इथं मांडतोय. मी शेअर बाजाराचा नियामक असलेल्या सेबीकडं नोंदलेला सल्लागार नाही, आणि यातल्या एक-दोन कंपन्यांचे थोडे शेअर माझ्याकडं आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

पायरी पहिली: पॉलिसी वेगळी, शेअर वेगळा

आपल्याकडं 'एलआयसी काढली' म्हणजे कुठल्याही कंपनीची पॉलिसी काढली. त्यामुळं विमा कंपनीचा शेअर म्हणजेही काहीतरी सुरक्षित कागद, असं कित्येकांना वाटतं. तसं अजिबात नाही. पॉलिसीत कंपनी तुम्हाला देणं लागते. शेअरमध्ये तुम्ही कंपनीचे भागीदार असता, आणि भागीदाराला कुणी हमी देत नाही.

म्हणून आधी स्वतःचा मुदत विमा बघा, ज्याला टर्म म्हणतात तो. मे महिन्याच्या शेवटी पासबुकात ४३६ रुपये कापलेले दिसत असतील, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना. चांगलीच आहे, पण तिचं संरक्षण २ लाखांचं. कमावता माणूस गेल्यावर २ लाखांत घर किती दिवस चालेल ते तुम्हीच मोजा. दुसरं, बी-भरणाचे, फीचे किंवा लग्नाला काढून ठेवलेले पैसे इकडं आणू नका. तिसरं, शेअर ठेवायचं डिमॅट खातं काढताना वारसाचं नाव लावा. एवढं झालं की पुढं वाचा.

पायरी दुसरी: दुकानं किती, ते बघा

१९५६ साली सरकारनं २४५ खाजगी विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ म्हणजे एलआयसी उभी केली. २००० मध्ये खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं. बाजारात शेअर मिळायला मात्र २०१६ उजाडलं. त्या वर्षी आयसीआयसीआय प्रुडेन्शियल लाइफ आली, २०१७ मध्ये एसबीआय लाइफ आणि एचडीएफसी लाइफ, मे २०२२ मध्ये एलआयसी, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनरा एचएसबीसी लाइफ. ॲक्सिस मॅक्स लाइफचा शेअर थेट मिळत नाही. मॅक्स फायनान्शियल सर्व्हिसेस या तिच्या मालक कंपनीचा घ्यावा लागतो, आणि ॲक्सिस मॅक्स लाइफच्या मालकीतही सुमारे पाचवा हिस्सा ॲक्सिस बँकेच्या गटाचा आहे. बजाज फिनसर्व्ह, आदित्य बिर्ला कॅपिटल यांच्या पोटातही जीवन विमा आहे, पण सोबत कर्जाचा नि बाकीचा संसार आहे. नवख्यानं सुरुवात सरळ विमाच विकणाऱ्या कंपन्यांपासून करावी, असं माझं मत.

म्हणजे निवड पाच-सहा नावांतच करायची आहे. शंभर नावं चाळत बसायची गरज नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

पायरी तिसरी: नफ्याचा आकडा बाजूला ठेवा

इथं नवखा हमखास फसतो. इतर कंपन्यांत आपण काय करतो? निव्वळ नफा बघतो, शेअरचा भाव त्याच्या किती पट आहे ते काढतो, स्वस्त-महाग ठरवतो. जीवन विम्यात ही मोजपट्टी वाकडी चालते.

उसाचं बघा. लागणीच्या वर्षी नांगरट, बेणं, मजुरी, ठिबक, सगळा खर्च एकदम अंगावर येतो. दुसऱ्या वर्षी खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या खोडातून पुन्हा येणाऱ्या पिकाला, बेणं लागत नाही, नांगरट लागत नाही, म्हणून खोडवा परवडतो. विमा पॉलिसी नेमकी अशीच. समजा २० हजार रुपये वार्षिक हप्त्याची पॉलिसी विकली. पहिल्या वर्षी एजंटाचं कमिशन, तपासणी, शाखेचा खर्च, आणि पुढं द्याव्या लागणाऱ्या रकमेसाठी बाजूला काढायचा राखीव पैसा, हे मिळून २४ हजार गेले. त्या वर्षी ४ हजारांचा तोटा. दुसऱ्या वर्षापासून खर्च थोडा आणि हप्ता पूर्ण. नफा असा पंधरा-वीस वर्षं झिरपत येतो.

आता गंमत बघा. जी कंपनी जोरात नव्या पॉलिसी विकते तिचा यंदाचा नफा दबलेला दिसतो, आणि जिनं विक्री थांबवून नुसता जुना खोडवा खाल्ला तिचा नफा टुमदार दिसतो. दोघींना एकाच तराजूत घातलं तर निवड उलटी होणार.

म्हणून या धंद्यात वेगळे आकडे वापरतात. पहिला एपीई. कुणी वर्षाला हप्ता भरतं, कुणी एकरकमी भरून मोकळं होतं. सगळं एका मापात आणायला वार्षिक हप्ता पूर्ण धरतात आणि एकरकमी भरलेल्याचा फक्त दहावा भाग. एक लाख एकदम भरले तर हिशेबात १० हजार. दुसरा व्हीएनबी, म्हणजे यंदा विकलेल्या पॉलिसींतून पुढच्या सगळ्या वर्षांत जो नफा येईल त्याची आजची किंमत. व्हीएनबीला एपीईनं भागलं की मार्जिन निघतं. शंभर रुपयांच्या नव्या धंद्यावर कंपनीला २० रुपये सुटतात की २५, ते त्यावरून कळतं.

पण ही 'आजची किंमत' ठरवतं कोण? कंपनीच. किती लोक मरतील, किती लोक हप्ता भरायचे थांबतील, पुढं व्याजदर काय असतील, असले अंदाज धरून तिचे गणिती हा आकडा काढतात. बाहेरचा तज्ज्ञही तो तपासतो, पण शेवटी तो अंदाजच. उभ्या पिकावरून एकरी किती क्विंटल निघेल ते सांगण्यासारखं. सांगणारा मुरलेला असेल तर जवळपास जातो, तरीही मळणी व्हायची असते.

पायरी चौथी: किती जण हप्ता भरत राहिले?

मळणी म्हणजे ही पायरी. एकच आकडा बघायला वेळ असेल तर हा बघा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, निलंगा तालुक्यात विमा एजंट होते. लाल कापडी बांधणीची लांबोडकी वही, एका पानावर पंधरा-वीस नावं, समोर वर्षांचे रकाने. हप्ता आला की हिरव्या शाईची टिकली. नाही आला की पेन्सिलनं गोल. पेन्सिल अशासाठी, की माणूस उशिरा का होईना भरेल आणि गोल खोडता येईल. ती वही अजून आमच्या कपाटात आहे. २०१५ आणि २०१६ च्या रकान्यांत पानंच्या पानं पेन्सिलचे गोल आहेत, आणि खोडलेले फार थोडे. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं ते हे साल. घागरीला रांग लावणारा माणूस विम्याचा हप्ता कुठून भरणार?

अण्णांचे ते गोल म्हणजेच कंपन्यांच्या भाषेत पर्सिस्टन्सी. तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी सांगते की पहिला हप्ता भरणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षीचाही भरला. एकसष्टाव्या महिन्याची सांगते की पाच वर्षं उलटल्यावर किती टिकले. मोठ्या खाजगी कंपन्यांत हप्त्याच्या रकमेवर मोजलं तर पहिला आकडा ८५ टक्क्यांच्या पुढं-मागं आणि दुसरा ६० च्या पुढं-मागं असतो. एलआयसीचा तेराव्या महिन्याचा आकडा ७५ च्या आसपास राहत आलाय. तिचा बराच ग्राहक छोट्या हप्त्याचा आहे, गावखेड्यातला आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचायचा.

एक बारीक गोष्ट. हा आकडा दोन प्रकारे काढतात, हप्त्याच्या रकमेवर आणि पॉलिसींच्या संख्येवर. लाखाचा हप्ता भरणारा सहसा टिकतो, पाच हजारवाला गळतो. म्हणून रकमेवरचा आकडा दिसायला नेहमी चांगला असतो. दोन कंपन्या ताडून बघताना दोन्हीकडं एकच पद्धत घ्या.

मिळतो कुठं? कंपनीच्या संकेतस्थळावर पब्लिक डिस्क्लोजर नावाचा कोपरा असतो. दर तिमाहीला विमा नियामक इरडाच्या ठरलेल्या नमुन्यांत माहिती तिथं टाकावीच लागते. एल-२२ नंबरच्या नमुन्यात ही गुणोत्तरं असतात. एक वही करा, कंपनीमागं एक पान, पाच वर्षांचे दोन्ही आकडे उतरवा. चढता क्रम असेल तर विक्रेते समजावून विकताहेत. विक्री वाढतेय पण तेरावा महिना घसरतोय, असं दिसलं की समजायचं, ढीग वरूनच वाळलेला आहे.

पूर्वी मध्येच सोडून जाणाऱ्याचा बराचसा पैसा कंपनीकडंच राहायचा, त्यामुळं गळतीचा फटका थोडा झाकला जायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलले. पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून सोडणाऱ्यालाही आता काही रक्कम परत द्यावी लागते. ग्राहकाच्या बाजूनं हे योग्यच झालं. भागधारकासाठी मात्र वहीतले गोल आता जास्त महाग पडणार.

पायरी पाचवी: पोत्यात माल कोणता आहे?

सगळी पोती सारखी दिसतात, पण एकात तूर असते, एकात हरभरा. विमा कंपनीच्या विक्रीचंही तसंच. निकालाच्या सादरीकरणात एक गोल चित्र असतं, कुठल्या प्रकारची पॉलिसी किती टक्के विकली त्याचं. तिथं थांबायचं.

टर्म म्हणजे शुद्ध संरक्षण. मार्जिन चांगलं, पण विकायला अवघड, कारण 'जिवंत राहिलो तर काय मिळणार?' या प्रश्नाला त्यात उत्तर नसतं. युलिप म्हणजे बाजाराशी जोडलेली पॉलिसी. यात कंपनीला थोडंच सुटतं, आणि बाजार तेजीत असला की ती धडाधड खपते, मंदीत कुणी विचारत नाही. ज्या कंपनीचा निम्मा धंदा युलिपचा, तिची विक्री बाजाराबरोबर वरखाली होणार हे गृहीत धरा. बोनसवाली, म्हणजे पार पॉलिसी. तिच्या नफ्यातला किमान ९० टक्के वाटा ग्राहकाचा, भागधारकाला उरलेले १०. सुरक्षित धंदा, पण आपल्या पदरात थोडं.

आणि हमीवाली, नॉन-पार. 'दहा वर्षं भरा, पुढं पंचवीस वर्षं ठरलेली रक्कम घ्या' असल्या पॉलिसी. यात सुटणारा सगळा नफा भागधारकाचा, म्हणून कंपन्यांना गोड. पण जोखीमही सगळी भागधारकाची. आज वचन दिलं आणि पुढं व्याजदर पडले, तर कंपनीला पदरचे घालून वचन पाळावं लागतं. जपानात हेच झालं. तेजीच्या काळात चढ्या परताव्याची वचनं दिली, मग व्याजदर तळाला गेले. १९९७ मध्ये निस्सान म्युच्युअल लाइफ बुडाली, आणि २००१ पर्यंत तिच्यासकट सात जीवन विमा कंपन्या गेल्या. आपल्याकडच्या कंपन्या दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे आणि पुढच्या व्याजदराचे करार करून ही बाजू बांधून ठेवतात. किती बांधलीय, ते वार्षिक अहवालात 'व्याजदर १ टक्का वाढला किंवा घटला तर काय' या तक्त्यात दिसतं. ज्या कंपनीचा आकडा त्या एका टक्क्यानं फार हलतो, तिच्यापासून मी जरा लांब बसतो.

कर्जाला जोडलेला विमा हा आणखी एक प्रकार. घरकर्ज किंवा बचत गटाचं कर्ज काढताना जो आपोआप चिकटतो तो. नफा बरा असतो, पण कर्जवाटप मंदावलं की हा धंदाही बसतो.

पायरी सहावी: विकतं कोण?

मुख्य वाटा दोन. एक एजंटांची फौज, दुसरी बँक. एलआयसीकडं १४ लाखांच्या आसपास एजंट आहेत, त्यामुळं हाळीपासून हिंगोलीपर्यंत तिचा माणूस नाही असं गाव नाही. खाजगी कंपन्यांची खरी ताकद पाठीशी असलेली बँक. एसबीआय लाइफला स्टेट बँकेच्या शाखा, एचडीएफसी लाइफला एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय प्रुडेन्शियलला आयसीआयसीआय बँक. ग्राहक आयताच दारात येतो, विक्रीचा खर्च कमी पडतो.

यातला धोकाही बँकेतच आहे. २०२२ पासून एका बँकेला नऊ जीवन विमा कंपन्यांपर्यंत माल विकता येतो. आज आपल्या मुलीचाच, म्हणजे स्वतःच्या गटातल्या विमा कंपनीचाच, माल पुढं करणारी बँक उद्या शेजारणीचाही ठेवू शकते. म्हणून एकाच बँकेवर धंद्याचा किती टक्के भार आहे, तो आकडा वहीत उतरवा.

दुसरा धोका मी घरात अनुभवलाय. आई मुदत ठेव करायला एका बँकेत गेली. परत आली ती पिवळं पाकीट घेऊन. तिला वाटलं ठेवीची पावती आहे. वर्षभरानं मोबाईलवर संदेश आला की ५० हजारांचा दुसरा हप्ता भरा. तेव्हा कळलं की ती दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी होती. परत करायची मुदत केव्हाच उलटलेली. आम्ही पुढं भरलं नाही, पहिल्या हप्त्यातलंही काही हाती आलं नाही. बरीच वर्षं झाली त्याला. आता भागधारकाच्या नजरेनं बघा: त्या तिमाहीत आईचे ५० हजार विक्रीत मिरवले असतील, आणि तेरा महिन्यांनी तेच पर्सिस्टन्सीतून निसटले असतील. चौथी आणि सहावी पायरी अशी एकाच जिन्याची आहे.

दावे मंजूर करण्याचं प्रमाण हा जाहिरातीतला लाडका आकडा. पॉलिसी घेताना तो जरूर बघा. शेअरसाठी त्याचा फारसा उपयोग नाही, बहुतेक मोठ्या कंपन्या ९८-९९ टक्क्यांच्या आसपासच असतात.

पायरी सातवी: संकट आलं तर गाठीला किती?

अण्णांच्या वहीत १९९३ चं एक पान आहे. किल्लारीच्या भूकंपानंतरचं. त्यावर हिरवी टिकलीही नाही आणि पेन्सिलचा गोलही नाही. काही नावांपुढं फक्त 'क्लेम' लिहिलंय, एका घराच्या तीन नावांपुढं एकाखाली एक. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटेबद्दल अण्णा कधी फार बोलले नाहीत.

कंपनीला अशा दिवसासाठी तयार राहावं लागतं. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दावे इतके आले की कंपन्यांना वेगळी तरतूद करावी लागली, आणि त्यांचा विमा उतरवणाऱ्या पुनर्विमा कंपन्यांनी दर वाढवले. गाठीला किती आहे ते सॉल्व्हन्सी गुणोत्तरावरून कळतं. देण्यांच्या मानानं ठरवलेल्या पातळीच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के, एवढं भांडवल ठेवणं सक्तीचं आहे. नमुना एल-३२ मध्ये हा आकडा मिळतो. १८० ते २०० असला तर माझी हरकत नाही. १६० च्या खाली सरकू लागला की समजावं, कंपनी लवकरच नवे शेअर काढेल किंवा कर्ज घेईल, आणि आपला हिस्सा पातळ होईल.

पायरी आठवी: भाव ठरवा

आता वजनकाटा. इथं एम्बेडेड व्हॅल्यू, बोलताना ईव्ही, हा आकडा लागतो. कंपनीची आजची स्वतःची मालमत्ता, अधिक आत्तापर्यंत विकलेल्या पॉलिसींतून पुढं येणाऱ्या नफ्याची आजची किंमत. उद्या एकही नवी पॉलिसी विकली नाही तरी जे हाती येईल ते. बाजारातल्या सगळ्या शेअरची मिळून किंमत भागिले ईव्ही, म्हणजे किती पट भाव चाललाय ते. ईव्ही ५० हजार कोटी आणि बाजारमूल्य १ लाख कोटी, तर दुप्पट.

चांगल्या कंपनीचा शेअरही चुकीच्या भावात घेतला तर काय होतं, ते एचडीएफसी लाइफवरून दिसतं. मार्च २०२१ ला तिची ईव्ही सुमारे २६,६०० कोटी होती. सप्टेंबर २०२१ मध्ये शेअर ७७५ रुपयांच्या घरात गेला, म्हणजे बाजार ईव्हीच्या पाचपटींहून जास्त मोजत होता. मार्च २०२३ ला ईव्ही सुमारे ३९,५०० कोटींवर गेली, त्यात एक्साइड लाइफ विकत घेतल्याचाही भाग होता. म्हणजे घर वाढलं. पण शेअर मार्च २०२३ च्या सुमारास ५०० च्या खाली होता. कंपनी चुकली नव्हती, भाव चुकला होता.

उलटं उदाहरण एलआयसीचं. मार्च २०२१ ला तिची ईव्ही ९५,६०५ कोटी होती, आणि सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०२१ ला, ५,३९,६८६ कोटी. सहा महिन्यांत एवढा धंदा वाढला का? नाही. कायदा बदलला, ग्राहकांच्या पैशाचा एकच मोठा हौद दोन हौदांत विभागला, आणि नफ्यातला भागधारकाचा वाटा वाढला. म्हणून दोन वर्षांची ईव्ही ताडताना ती कशामुळं वाढली त्याचा तक्ता बघायचाच. त्यात नव्या धंद्याची भर किती, बाजार चढल्यामुळं किती, आणि कंपनीनं धरलेले अंदाज खरे ठरल्यामुळं किती, असे वेगळे रकाने असतात. शेवटचा रकाना वर्षानुवर्षं उणे असेल, तर कंपनी उभ्या पिकाचा अंदाज नेहमी फुगवून सांगतेय. माझ्या लेखी अशी कंपनी बाद.

एलआयसीच्या पहिल्या शेअरविक्रीच्या, म्हणजे आयपीओच्या वेळी आमच्या मोंढ्यात हमालापासून आडत्यापर्यंत डिमॅट खात्यांची धांदल उडाली होती. भाव ९४९ रुपये, पॉलिसीधारकाला ६० रुपयांची सूट. १७ मे २०२२ ला शेअर पहिल्याच दिवशी ९४९ च्या खाली उघडला. सरकारकडं तेव्हा साडेशहाण्णव टक्के राहिले, आणि १० टक्के तरी लोकांकडं द्यायला मे २०२७ ची मुदत आहे. म्हणजे आणखी शेअर बाजारात येणार, हे धरूनच तिचा भाव बघायचा.

पायरी नववी: दिल्ली नि हैदराबादकडं कान

पावसाशिवाय शेतकऱ्याला बाजार समितीकडंही कान ठेवावा लागतो, तसा इथं सरकार आणि हैदराबादला बसलेल्या इरडाकडं. २०२३ च्या अर्थसंकल्पात ५ लाखांहून जास्त वार्षिक हप्त्याच्या पॉलिसींची करसवलत गेली, आणि त्याच दिवशी हे शेअर आपटले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा १८ टक्क्यांपर्यंतचा जीएसटी शून्यावर आला. ग्राहकाला स्वस्त झालं, पण कंपन्यांना त्यांच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळेनाशी झाली आणि मार्जिनला कात्री लागली. असल्या बातमीनं घाबरून विकायचं नाही. पुढच्या दोन-तीन तिमाहींत कोणत्या कंपनीनं मार्जिन सावरलं, तेवढं वहीत लिहायचं.

पायरी दहावी: घ्यायचं कसं

वहीत पाच-सहा पानं भरली की दोन नावं आपोआप पुढं येतात. दोन्ही थोडे थोडे घ्या. एका धंद्यात सगळ्या शेअर गुंतवणुकीच्या दहावा-बारावा भाग, त्याहून जास्त मी घालत नाही. निर्देशांकाच्या फंडात पैसे असतील तर एचडीएफसी लाइफ आणि एसबीआय लाइफ निफ्टी या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात असल्यामुळं तुमच्याकडं थोडे आधीच आहेत. आमच्यासारख्यांना महिन्याचा हप्ता जमत नाही, म्हणून मी पट्टीच्या, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे हाती येण्याच्या, हंगामात तीन-चार वेळा विभागून घेतो. व्हॉट्सॲपवर 'आयपीओ हमखास देतो' म्हणत ॲप उतरवायला लावणाऱ्यांचा नंबर सरळ ब्लॉक करा.

विकायचं कधी? सलग दोन वर्षं तेरावा महिना घसरला, किंवा कंपनीनं पोत्यातला मालच बदलला, तर. वर्षाहून जास्त ठेवून विकलं तर वर्षाकाठी सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर, वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के.

भाच्यानं निघताना अण्णांची वही मागितली. ती दिली नाही, तसली एक कोरी वही घेऊन दिली. जानेवारीच्या मध्यापासून तिमाही निकाल लागायला सुरुवात होईल. पाच पानं भरून आण, मग दोघं मिळून गोल मोजू, एवढं ठरलंय.